चार पायऱ्यांची शिडी

श्रावण लागला की कोल्हापुरात घरोघर पोथ्या बाहेर निघतात. कुठे नवनाथांची पोथी लागते, कुठे गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, कुठे ज्ञानेश्वरीचे पारायण. चौरंगावर स्वच्छ वस्त्र, समई, उदबत्तीचा वास आणि त्या सगळ्यांतून वाट काढीत येणारा वाचणाऱ्याचा एकसुरी आवाज, हे ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. या वाचणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एक असतो तो दिवसाचे ठरलेले अध्याय पुरे करण्याच्या घाईत असतो. सातव्या दिवशी पोथी पुरी झाली पाहिजे हा त्याचा नेम, आणि नेम मोडावयाचा नसतो. दुसरा असतो तो मध्येच एखाद्या ओवीपाशी अडतो. बोट त्या ओळीवरच राहते, डोळे मिटतात, ओठ पुन्हा पुन्हा तेच चार शब्द म्हणतात. घरातल्यांना वाटते, आजोबांना झोप लागली. झोप नसते ती. वाचन संपून पुढचे काही तरी सुरू झालेले असते.

हे पुढचे काही तरी म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की आत्मा ऐकावा, त्याचे मनन करावे, निदिध्यासन करावे. श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी मग कीर्तनकारांच्या तोंडी इतकी रुळली की ती उपनिषदातली आहे हेही आपण विसरून गेलो. परंतु जगाच्या दुसऱ्या एका टोकाला, अगदी निराळ्या लोकांनी, अगदी निराळा ग्रंथ हाती धरून हाच प्रश्न स्वतःशी घातला होता, आणि त्यांचे उत्तर पुढे समुद्र ओलांडून आपल्या मराठी मुलखात, आपल्या या करवीरापर्यंत आले, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही. ख्रिस्ती धर्माचा येथील इतिहास म्हटला की धर्मांतरे, वादविवाद, शाळा आणि दवाखाने एवढेच आपल्याला आठवते. त्या गलबल्याच्या आत एक शांत गोष्ट चालली होती. ती आज सांगावयाची आहे.

२

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती विरक्तांची वस्ती झाली होती. चटया आणि टोपल्या विणाव्यात, त्या विकून पोट भरावे आणि हात चालू असता तोंडाने शास्त्रवचने म्हणावीत, असा त्यांचा दिनक्रम. पुस्तके थोडी, वाचता येणारे त्याहून थोडे. म्हणून बहुतेकांचा ग्रंथ पाठांतरातच असे. जॉन कॅसियन नावाचा एक जिज्ञासू त्या वृद्ध तपस्व्यांमध्ये कित्येक वर्षे राहिला आणि पाचव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याशी झालेले संवाद त्याने लिहून काढले. त्यांत आयझॅक नावाचा एक वृद्ध त्याला युक्ती सांगतो : दावीदच्या स्तोत्रांपैकी एकच लहानसे वचन घे, देवाला साहाय्यासाठी मारलेली हाक आहे ते, आणि उठता, बसता, जेवता, झोपता तेच घोळीत राहा. नामस्मरण ज्यांच्या घरात आहे त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्याच्या ४८ व्या प्रकरणात अंगमेहनतीचे तास आणि वाचनाचे तास वेगळे नेमून दिले आहेत. बेनेडिक्ट मनुष्यस्वभाव ओळखून होता. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ द्यावा आणि तो त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, असे सांगून तो थांबत नाही. वाचनाच्या वेळी एकदोन वडील मंडळींनी मठात फिरून कोणी आळस किंवा चकाट्या पिटीत तर बसला नाही ना, हे पाहावे, असेही तो बजावतो. म्हणजे धर्मग्रंथ उघडला की डुलकी लागते, ही तक्रार चौदाशे वर्षांपूर्वीचीसुद्धा आहे!

त्या काळी वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे. मिलानचा बिशप अँब्रोझ ओठ न हलवता नुसत्या डोळ्यांनी वाचतो याचे ऑगस्टिनला इतके आश्चर्य वाटले की आपल्या आत्मकथनात त्याने ते मुद्दाम नोंदवून ठेवले. शब्द तोंडात यावयाचा, कानात पडावयाचा आणि मग मनात जावयाचा. म्हणूनच या लोकांनी वाचनासाठी जो शब्द योजला तो आपल्या शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल : रवंथ. गाय दिवसा चरते आणि सावलीत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चघळते. तसे सकाळी वाचलेले वचन दिवसभर चघळावयाचे. या सगळ्या रीतीला लॅटिनमध्ये नाव पडले 'लेक्सिओ दिव्हीना', म्हणजे दिव्य वाचन.

या दिव्य वाचनाचे व्याकरण बाराव्या शतकात एका फ्रेंच मठवासीयाने लिहिले. त्याचे नाव गीगो. आल्प्सच्या डोंगरात ग्रांद शार्त्रझ म्हणून एकांतवासी साधूंचा मठ आहे, तेथला हा प्रमुख. एके दिवशी हाताने काम करीत असता साधनेच्या चार पायऱ्या आपल्याला सुचल्या, असे तो आपल्या मित्राला पत्रात कळवतो. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा या चार पायऱ्या. आणि पृथ्वीवरून स्वर्गाकडे लावलेली ही मठवासीयांची शिडी. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याचा रस सुटतो आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. उदाहरणाला त्याने एकच वाक्य घेतले आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात निर्मळ अंतःकरणाच्या माणसांना देव दिसेल असे आश्वासन आहे, ते. या एका द्राक्षाला दाताखाली धरून गीगो हळूहळू पिळतो. निर्मळ हातांचे म्हटले नाही, अंतःकरणाचे म्हटले, ते का? अंतःकरण निर्मळ व्हावयाचे कशाने? माझ्याने होईल काय? होणार नाही, हे कळले की मननाची पायरी संपते आणि मागणे सुरू होते.

येथे आपल्या त्रयीत आणि या शिडीत एक फरक दिसतो, तो झाकण्याचे कारण नाही. गीगोच्या शिडीत तिसरी पायरी विनवणीची आहे. ग्रंथातून कोणी तरी आपल्याशी बोलतो आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे, अशी ही कल्पना. शिवाय चौथी पायरी चढून जाता येत नाही. ती वरून मिळावयाची असते. ज्ञानमार्गापेक्षा आपल्या वारकऱ्यांना हे अधिक जवळचे वाटेल. कृपेशिवाय काही घडत नाही, हे सांगताना आपले संत थकत नाहीत.

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्माची दोन शकले झाली. शिडी मात्र दोन्ही घरांनी आपापल्या परीने जपली. रोमकडच्या बाजूला इग्नेशियस लोयोला याने आपल्या साधनापुस्तकात, ते १५४८ साली छापले गेले, कल्पनाशक्तीला कामाला लावले : शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करा, ती जागा पाहा, तेथली बोलणी ऐका, वास घ्या, आणि मग तेथे उभे राहून बोला. दुसऱ्या बाजूला मार्टिन ल्यूथरला त्याच्या पेटर नावाच्या न्हाव्याने विचारले, महाराज, प्रार्थना करावी कशी? त्याला उत्तर म्हणून १५३५ साली ल्यूथरने एक छोटे पुस्तकच लिहिले. एक आज्ञा घे आणि तिचा चौपदरी गोफ विण : यातून मला काय शिकावयाचे, कशाबद्दल उपकार मानावयाचे, काय चुकले ते कबूल करावयाचे आणि काय मागावयाचे. न्हावी वस्तऱ्यावरची नजर काढून गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक कापील, तसे प्रार्थनेचे आहे, असेही तो त्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत समजावतो. आणि मधेच एखादा विचार आतून उजळून आला, तर बाकीचे पदर सोडून द्यावेत, गप्प बसावे आणि ऐकावे.

ओवीपाशी अडलेले आपले आजोबा नेमके हेच करीत असतात.

३

शिडीचे पहिले टोक मराठी भूमीला टेकले ते गोव्यात. इंग्लंडातल्या विल्टशायरकडचा टॉमस स्टीफन्स नावाचा तरुण इग्नेशियसच्या संघात शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या बंदरात उतरला. पुढची चाळीस वर्षे तो साष्टी प्रांतात राहिला. पोर्तुगीज सत्तेचे ते दिवस होते. देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ हिसकावले गेले होते. नवे ख्रिस्ती झालेले लोक रविवारी देवळात येत, धर्माची प्रश्नोत्तरे पाठ म्हणत आणि घरी जात. पण ज्यांच्या रक्तात पुराणश्रवण होते त्यांचे प्रश्नोत्तरांनी काय भागणार? स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची पूर्वीची पुराणे गेली, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचावयाला काही पुराण नको काय?

या प्रश्नाचे मोल कळावे म्हणून तो कोणी कोणाला विचारला हे लक्षात ठेवावे. जिंकलेल्याने जिंकणाऱ्याच्या गुरूला विचारलेला हा प्रश्न आहे. मागणी धनाची नाही, मानाची नाही. सावकाश वाचावे, ऐकावे, घोळावे असे काही तरी द्या, ही आहे. त्याचे उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण'. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोलला छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओवी रोमन लिपीत उभी राहिली. पण कानाला लिपी कुठे कळते! रविवारी आणि सणावारी उपासना आटोपल्यावर देवळात हे पुराण वाचले जाई आणि लोक तल्लीन होऊन ऐकत. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावयाचा ही इग्नेशियसची शिकवण आणि कथा रंगवून सांगावयाची ही पुराणिकाची हातोटी, यांची गाठ ओवीत पडली. ध्यानाची एक परदेशी रीत मराठीत आली ती मराठीची चाल धरूनच आली.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून तेथील लोकांच्या स्वभाषेवरच घाव घातला. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. तरीही ओव्या मेल्या नाहीत. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांवरून १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. लंडनच्या एका संग्रहात देवनागरी पोथी निघाली. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. सत्ता ज्या भाषेला मोडू पाहते तीच भाषा लोकांच्या प्रार्थनेत दडून बसते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

४

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. १८५२ च्या डिसेंबरात रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझा हिच्यासह नगरकडून येथे आले. संपूर्ण बायबल मराठीत छापून निघाले त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. म्हणजे अंबाबाईच्या या नगरीत हा ग्रंथ आला तो नवा कोरा, शाईचा वास असलेला आणि थोड्या अवघडलेल्या मराठीतला.

वाइल्डर ज्या पंथाचे होते त्यात मठ नव्हते, साधू नव्हते, आणि 'लेक्सिओ दिव्हीना' हे नाव उच्चारले असते तर कदाचित त्यांनी कपाळाला आठी घातली असती. पण त्यांच्या पूर्वजांनी, इंग्लंडातल्या प्युरिटन मंडळींनी, शिडी माळ्यावर टाकली नव्हती. रिचर्ड बॅक्स्टर या धर्मोपदेशकाने १६५० साली लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात रोज ठरलेल्या वेळी एकांतात बसून मनन करावे, स्वतःच्याच जिवाला उपदेश करावा आणि त्या उपदेशाचे शेवटी प्रार्थनेत रूपांतर व्हावे, अशी शिस्त सांगितली आहे. मनाला उपदेश करण्याची ही तऱ्हा मनाचे श्लोक म्हणणाऱ्या महाराष्ट्राला नवीन नव्हे. आणि योगायोग असा की बॅक्स्टर आणि समर्थ हे समकालीनच.

चौकात उभे राहून वाइल्डर जे बोलत ते गावाला ऐकू येई. त्याने वाद होत, मने दुखावत. मिशनऱ्यांच्या हातून येथल्या श्रद्धांची अवहेलना झाली, हे खरे आहे आणि ते लपवून इतिहास लिहिता येत नाही. परंतु घराच्या आत सकाळसंध्याकाळ जे वाचन चाले ते गावाला दिसत नव्हते. ग्रंथ बाहेर शस्त्रासारखा आणि आत अन्नासारखा वापरला जातो, असे अनेक धर्मांच्या बाबतीत घडले आहे. आपल्याला बाहेरचे लखलखणे आठवते, आतली शिजवण आठवत नाही.

या घरात २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरातच रॉबर्ट वाइल्डर याचा जन्म झाला. पुढे कुटुंब अमेरिकेत परतले. प्रिन्स्टनच्या कॉलेजात असता रॉबर्ट आणि त्याचे मित्र बापाच्या घरी जमत, आणि ते बोलत बसले असता बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थनेला बसलेली असे. १८८६ साली माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिने पुढे हजारो पदवीधरांना जगभर पाठवले. त्या चळवळीच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेला हा तरुण होता. या विद्यार्थ्यांत एक नेम रुजला, त्याला ते 'पहाटेचा पहारा' म्हणत : दिवसाची धांदल सुरू होण्यापूर्वी एकट्याने उठावे, थोडे शास्त्र वाचावे, त्यावर मनन करावे, प्रार्थना करावी. पहाटेच्या काकड आरतीने जाग्या होणाऱ्या गावात रॉबर्टचे बालपण गेले, यावरून कोणताही सिद्धांत मी काढीत नाही. एवढेच म्हणतो की पहाटेची किंमत ओळखणारी माणसे दोन्हीकडे होती.

१८८७ साली वडील वारल्यावर एलायझा आणि ग्रेस या मायलेकी पुन्हा याच मुलखात परतल्या. कोल्हापुरात वाइल्डरांच्या नावाचे प्रार्थनामंदिर आहे. पुढे शाहू छत्रपतींनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची जी माळ उभी केली तिच्यात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक वसतिगृह होते. म्हणजे एका पिढीपूर्वी परका वाटलेला ग्रंथ आता येथल्याच मुलांच्या कंदिलाखाली उघडू लागला.

५

पण सावकाश वाचनात धोका असतो. भराभर वाचणाऱ्याला काही होत नाही. थांबणाऱ्याला मात्र ग्रंथ पुढे जाऊ देत नाही. याची साक्ष नारायण वामन टिळकांच्या घरात मिळते.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते म्हणून वाचावयास घेतले. आरंभीच्या पानांवर शंकाच शंका आल्या. पण डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि त्या वाक्यांपासून त्यांना हलवेना. सातशे वर्षांपूर्वी गीगोने ज्या प्रवचनातले द्राक्ष दाताखाली धरले होते, त्याच वेलीशी हा कोकणचा कवी येऊन थांबला होता. त्याला गीगो ठाऊक नव्हता, शिडी ठाऊक नव्हती. परंतु थांबणे ठाऊक होते. ते त्याने घरच्या ओवी-अभंगांपाशी शिकलेले होते. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते पुढे म्हणत, त्याचा एक अर्थ हाही आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी दीक्षा घेतली. याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान दत्तू, नातेवाइकांची दया आणि टोमणे. अशी जवळजवळ पाच वर्षे गेली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ती वर्षे सांगावयास नकोत. एका माणसाचे एका पानापाशी थांबणे दुसऱ्या माणसाच्या संसाराला असे भोवते. ध्यान, मनन हे शब्द आपण फार गुळगुळीत करून टाकले आहेत. त्यांना ही धार आहे, याची आठवण असू द्यावी.

आणि तरी गोष्ट येथे संपत नाही. लक्ष्मीबाई परत आल्या, आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळी १९०० साली ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांत सांगणारे 'ख्रिस्तायन' आरंभले होते. १९१९ साली ते वारले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेला मोठा भाग, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने रचला. तिने कोणत्याही मठात शिडीचे धडे घेतले नव्हते. पण एकेक प्रसंग मनात घोळवल्याशिवाय त्याची ओवी होत नाही, हे जात्यावर बसणारी प्रत्येक मराठी स्त्री जाणते. स्टीफन्सने जी गाठ तीनशे वर्षांपूर्वी मारली होती ती लक्ष्मीबाईंनी घरच्या दोऱ्याने पुन्हा बांधली.

६

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या जोडीची. त्यांचे आईवडील तीर्थोतीर्थ फिरून पुराणे वाचीत. ते वाचन हीच त्यांची उपजीविका. स्वतः रमाबाई लहानपणापासून मोठ्याने वाचीत आल्या. दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या मुलीला भूक भागवण्याचे मात्र साधन नव्हते. ग्रंथ तोंडात आहे पण तो ऐकणाऱ्या बाईच्या काळजापर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. पुढे केडगावला मुक्तिसदन उभे केले, आणि हाती असलेले मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळण्याजोगे नाही असे वाटल्यावर, उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलाचे भाषांतर आरंभले. एका व्यक्तीने, तीही एका स्त्रीने, मूळ भाषांवरून केलेले हे काम. ते छापले मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्या बायकामुलींनी. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा मुली एकेक खिळा उचलून एकेक अक्षर जुळवीत होत्या. याहून सावकाश वाचन जगात दुसरे कोणते असेल? रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला तेव्हा काम अगदी शेवटाला आले होते. ग्रंथ १९२४ साली पुरा होऊन निघाला.

याच १९२२ साली जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. टिळकांवर त्याची भक्ती होती. त्यांचे इंग्रजी चरित्रही त्याने लिहिले. संघाचा आश्रम पुढे पुण्यास शिवाजीनगरला आला. खादी, शाकाहार, भजन आणि मौन असा तेथला क्रम. तेथे १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण विद्वान आला, व्हेरिअर एल्विन. आज आपण त्याला आदिवासींचा अभ्यासक म्हणून ओळखतो. पण १९३० साली त्याने 'ख्रिश्चन ध्यान' नावाचे छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले होते, आणि नावात 'ध्यान' हा आपला शब्द तसाच ठेवला होता. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाने अज्ञेयाच्या ढगाविषयी जो ग्रंथ लिहिला त्याचे हे विवरण. तो साधकही शिष्याला आधी वाचन, मनन, प्रार्थना या पायऱ्या सांगतो आणि मग म्हणतो, आता सगळे विचार सोडून एक लहानसा शब्द तेवढा जवळ ठेव. एल्विन स्वतः त्या आश्रमात टिकला नाही. १९३२ साली तो गोंडांच्या डोंगरात गेला आणि पुढे काही वर्षांत त्याने चर्चही सोडले. शिडीवर कोणाचा पाय कोणत्या पायरीवर राहील आणि ती त्याला कोठे नेईल, हे सांगता येत नाही. एवढे खरे की ओठांवर शब्द ठेवून गप्प बसणे म्हणजे काय, हे मराठी मुलखात राहून लिहिताना त्याला 'ध्यान' याहून नेमका शब्द सापडला नाही.

७

१९६५ साली रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, धर्मग्रंथाचे वाचन प्रार्थनेसह करावे आणि ते केवळ धर्मगुरूंनी नव्हे तर सर्वांनी करावे, असे सांगितले. उपासना लोकभाषांतून होऊ लागली होतीच. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या मराठीत 'सुबोध बायबल' सिद्ध केले. त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने मागितलेले वाचावयाचे पुस्तक असे पिढ्यापिढ्यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढले, कधी ओवीत, कधी गद्यात, कधी राचोलला, कधी केडगावला.

या चारशे वर्षांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात ठसते. माणसे कोणता ग्रंथ वाचतात यावरून भांडतात. तो कसा वाचतात याकडे पाहत नाहीत. 'कसा' हा प्रश्न विचारला की वाळवंटातला टोपल्या विणणारा वृद्ध, विटेनबर्गचा न्हावी, आगगाडीतले टिळक, केडगावची खिळे जुळवणारी मुलगी आणि श्रावणातले आपले आजोबा एकाच ओळीत बसलेले दिसतात. त्यांची श्रद्धा एक नाही, त्यांचा देव एका नावाचा नाही, आणि ते सगळे एकच सांगतात असे म्हणून त्यांचे वेगळेपण पुसण्याचा मला अधिकारही नाही. पण प्रत्येकाचे बोट एका ओळीवर थांबले आहे.

दिवाळीत हे लिहितो आहे, म्हणून शेवटी फराळाचीच गोष्ट. चिवडा, लाडू, चकली, सगळे एका बैठकीत बकाबका खाणारे पोर आपण पाहिले आहे, आणि एकच अनारसा हातात घेऊन, त्याची जाळी न्याहाळून, कडेकडेने कुरतडत तास काढणारी आजीही पाहिली आहे. अंकातली पाने तशीच भराभर संपवून टाका, माझी हरकत नाही. माझाही लेख त्यांतच जाऊ द्या. पण भाऊबीज आटोपून पाहुणे गेले आणि घर थोडे शांत झाले, की ज्याच्या घरी जी पोथी असेल ती त्याने उघडावी, दहा ओळी वाचाव्यात आणि जी अडवील तिच्यापाशी थांबावे. घरातले म्हणतील, झोप लागली. म्हणोत बापडे.